ऑक्टाव्हिया आरएस, 17 इंची चाकं आणि 10 मिलिमीटरचा स्पेसर

माझी गाडी 2005 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. 1.8 लिटरचं टर्बो इंजिन, 150 पीएस. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना दोन दारांची बुटकी गाडी आठवते. माझ्या गाडीला चार दारं आहेत आणि डिकीत ज्वारीची पोती मावतात, पण दुसऱ्या गियरमध्ये टर्बोनं हवा भरली की मागं बसलेला माणूस बोलायचं थांबतो. ऑक्टाव्हिया जिथं जोडल्या जायच्या तो शेंद्र्याचा कारखाना छत्रपती संभाजीनगरातल्या (पूर्वीचं औरंगाबाद) गारखेड्यातल्या माझ्या औषधांच्या दुकानापासून फार लांब नाही. आमचं गावच गाड्यांचं वेडं. 2010 साली इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दमात 150 मर्सिडीज उचलल्या होत्या. माझी ऐपत तिसऱ्या हातच्या ऑक्टाव्हियापर्यंतची.

गाडी आली तेव्हा तिला 15 इंची रिम आणि 195/65 चे टायर होते, म्हणजे रुंदी 195 मिमी आणि बाजूची उंची रुंदीच्या 65 टक्के. टॅक्सीसारखी दिसायची. 17 इंची चाकं लावायचं तेव्हाच ठरवलं.

पहिली ठेच लॉराच्या, म्हणजे स्कोडाच्याच दुसऱ्या एका गाडीच्या, चाकांनी लागली असती. एका ओळखीच्या माणसाकडं लॉराची 17 इंची अलॉय पडून होती, स्वस्तात देत होता. "स्कोडाचीच आहेत, बसतील की." दिसायलाही पाच भोकं, मधलं मोठं भोकही तेवढंच. पण लॉराचे पाच बोल्ट 112 मिमीच्या वर्तुळावर असतात आणि माझ्या गाडीचे 100 च्या. प्रत्येक बोल्टाला फरक फक्त 6 मिमीचा, डोळ्यांना कळत नाही. पैसे द्यायच्या आधी एक चाक हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टांनी बसतं त्या भागावर, टेकवून बघितलं म्हणून वाचलो. पोलो, व्हेंटो, रॅपिड यांची चाकं मात्र 100 च्या वर्तुळाची आहेत, शोधणाऱ्यांनी तिकडं बघावं.

मग शहरातल्याच एका दुकानातून बाहेरच्या कंपनीची चाकं घेतली. 17 इंच व्यास, साडेसात इंच रुंद, ईटी 45. ईटी म्हणजे काय ते मी विचारलं नाही आणि दुकानदारानं सांगितलं नाही. टायर मात्र विचार करून घेतले, 205/50. जुन्या टायरसकट चाकाचा बाहेरचा व्यास 634 मिमीच्या आसपास. नव्याचा 637. त्यामुळं स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि स्टेपनीही चालून जाते. 225/45 नं गाडी आणखी भरदार दिसली असती, व्यासही तोच राहिला असता, पण तेवढी जास्तीची रुंदी ठेवायला जागा कुठं होती?

जागा नाही हे दुकानातच कळलं. पुढचं चाक लावलं तर टायर शॉकअब्सॉर्बरच्या नळीला जवळजवळ चिकटला. दुकानदार म्हणाला, "स्पेसर टाकू, पाच मिनिटांचं काम." स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती, तिच्यामुळं चाक तेवढं बाहेर येतं. त्यानं कुठल्याही गाडीला बसणाऱ्या, लांबट भोकांच्या 5 मिमीच्या चकत्या पुढं टाकल्या. वर सल्लाही दिला, "पुढच्या खेपेला 20 च्या टाका सर, गाडी रुंद दिसंल." खोटं कशाला बोलू, मलाही 20 च हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सावंगीवरून समृद्धीला लागलो. 80 पर्यंत ठीक. 90 ला स्टिअरिंग थरथरायला लागलं, 100 ला आरशातली मागची गाडी दोन दिसायला लागली. परत दुकानात. बॅलन्सिंग झालं. परत थरथर. पुन्हा बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट, मग "रस्त्याचा दोष आहे" असं उत्तर. समृद्धीचा काँक्रीटचा रस्ता फक्त माझ्याच गाडीखाली कसा थरथरतो, हे विचारायची सोय नव्हती.

आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर एक काका राहतात. वाळूजच्या एका कंपनीत टूलरूममध्ये जन्म घालवला, आता निवृत्त. रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीकडं बघत उभा होतो तर हे व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची पट्टी, घेऊनच खाली आले. "लाव जॅक," म्हणाले.

त्यांनी पहिला बोल्ट सैल केला आणि मग हातानं फिरवत मोजायला लागले. एक, दोन, तीन… सहाव्या फेऱ्याला बोल्ट हातात.

"सहा?" मी म्हणालो. मला सहा म्हणजे बरेच वाटले.

"चौदा एमएमचा बोल्ट हाय, दीडची चाल, म्हंजे एका फेऱ्याला दीड एमएम आत. निदान साडेसात-आठ फेरे धरायला पायजे. तू मधी पाच एमएमची चकती सारलीस आन् बोल्ट जुनेच ठिवलेस. तेवढ्या एमएमचे फेरे कमी झाले की नाही?" मग त्यांनी बोल्टाचं डोकं माझ्यापुढं धरलं. डोक्याखालचा भाग वाटीच्या बुडासारखा गोल. चाकातलं भोक बोटानं चाचपायला लावलं, ते नरसाळ्यासारखं सरळ उताराचं. स्कोडाच्या मूळ चाकांना गोल बसकीचे बोल्ट लागतात, बाहेरच्या बहुतेक चाकांना 60 अंशाच्या कोनाचे. गोल बोल्ट उताराच्या भोकात बसला की त्याची पकड फक्त एका बारीक रेघेवर असते. ती रेघ नव्या चाकाच्या रंगात उमटलेली दिसत होती, नखाएवढ्या जाडीचीही नाही. एवढ्या रेघेवर मी शंभरनं गेलो होतो.

तिसरी चूक चाक काढल्यावर दिसली. माझ्या गाडीच्या हबची मधली गोल कड 57.1 मिमीची, चाकाचं मधलं भोक 73.1 चं. बाहेरच्या चाकांना मुद्दाम मोठं भोक ठेवतात, म्हणजे एकच चाक अनेक गाड्यांना विकता येतं. मधली फट भरायला रिंग बसवायची असते, ती दुकानदारानं दिलीच नव्हती. स्पेसरचं भोकही ढगळ. म्हणजे चाक हबवर मध्यावर बसलेलंच नव्हतं, नुसतं बोल्टांवर लटकत होतं. थरथर तिथून. बॅलन्सिंगचं मशीन चाकाला स्वतःच्या कोनावर धरतं, तिथं सगळं बरोबरच येणार.

"तू औषधं इकतोस," काका म्हणाले, "तुला मिलिग्राम कळतंय आन् मिलिमीटर कळंना व्हय?"

मग हिशेब झाला, सलाइनच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. ईटी म्हणजे चाकाच्या रुंदीची बरोबर मधली रेघ आणि हबला टेकणारी पाठ यांतलं अंतर. आकडा वाढला की चाक आत जातं. माझं जुनं चाक 6 इंची, म्हणजे 152.4 मिमी, निम्मं 76.2, ईटी 38. हबपासून आतली कड 76.2 अधिक 38, 114.2 वर. बाहेरची 76.2 वजा 38, 38.2 वर. नवं चाक 190.5 मिमी, निम्मं 95.25, ईटी 45. आतली कड 140.25, बाहेरची 50.25. मी समजत होतो की रुंद चाक बाहेर येतं. ते बाहेर आलं 12 मिमी आणि आत घुसलं 26.

स्पेसर जेवढा जाड तेवढा ईटीतून वजा करायचा. 20 चा टाकला असता तर ईटी 25 झाला असता, म्हणजे चाकाची मधली रेघ मूळ जागेपासून 13 मिमी बाहेर. सगळा भार तेवढा बाहेरून बेअरिंगवर तोलला जाणार आणि खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंगला हिसका तेवढाच जास्त. 10 चा टाकला तर ईटी 35, मूळ 38 पासून फक्त 3 चा फरक. इतके दिवस स्पेसर म्हणजे गाडीला रुंद करायची वस्तू असं डोक्यात होतं. माझ्या गाडीत त्याचं काम उलटंच होतं, आत घुसलेलं चाक कंपनीनं ठरवलेल्या जागी परत आणायचं.

पण आत नेमकी किती फट हवी? व्हर्नियर तिथपर्यंत पोचत नव्हतं. काकांनी वर जाऊन कणकेचा गोळा आणायला सांगितलं. बायकोनं दिला, कशाला हवा ते विचारून मग काही न बोलता दिला. सुपारीएवढी गोळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर, टायर जिथं सगळ्यात जवळ येतो तिथं चिकटवली. स्पेसर न घालता चाक लावून आवळलं, परत काढलं. गोळीची पापडी झालेली. मोजली तर दीड मिमी. म्हणजे 5 च्या चकतीनं साडेसहा, 10 नं साडेअकरा. काकांचं म्हणणं, साडेसहा कागदावर चालेल, पण वळणावर टायर लवतो आणि आपल्याकडं पावसात काळी माती चाकाच्या आतून लिंपल्यासारखी बसते. शेतरस्त्यानं एकदा गेलं की बोटभर थर. मला पटलं, कारण वाळलेली तीच माती पूर्वी जुन्या चाकात धरून गाडी थरथरली होती आणि पाइपनं धुतल्यावर थांबली होती.

मागं वेगळीच गोष्ट. तिथं आतून दोन बोटं सहज जात होती, म्हणून मागं स्पेसर नाही, नुसती 73.1 ची 57.1 करणारी ॲल्युमिनियमची रिंग. त्यामुळं मागची चाकं पुढच्यापेक्षा किंचित आत दिसतात. मुलगा अजून कुरकुरतो.

स्पेसर विकत मिळतात, पण काकांच्या डोक्यात होतं ते तयार मिळेना. आतून 57.1 चं भोक म्हणजे हबवर घट्ट, आणि बाहेरच्या बाजूला 73.1 ची कड म्हणजे चाक थेट त्यावर, मधी रिंगच नको. त्यांच्या जुन्या सहकाऱ्याच्या वर्कशॉपमध्ये सीएनसीवर करून घेतले. अट एकच, ओतीव ॲल्युमिनियम नको, 6061-टी6 या मजबूत ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा सळईतून कापलेला तुकडा आणि सोबत त्याचं टेस्ट सर्टिफिकेट. भोकं लांबट नाहीत, बरोबर 100 च्या वर्तुळावर पाच गोल. तयार झाल्यावर काकांनी सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, ठेवून जाडीतला फरक दाखवणारा डायल फिरवला. मिलिमीटरच्या दोन शतांशापेक्षा जास्त काटा हलला असता तर परत पाठवणार होते. नाही हलला. अशी सोय नसेल त्यानं नावाजलेल्या कंपनीचेच घ्यावेत. ओळखीच्या लेथवर ओतीव तुकड्यातून कातून घ्यायचा मोह आमच्या एमआयडीसीच्या गावात फार होतो.

बोल्ट नवे घेतले. मूळ बोल्टाची लांबी 27, त्यात स्पेसरचे 10, म्हणजे 37. मिळाले 40 चे, 60 अंशी बसकीचे. लांब बोल्टाची भीती वेगळी असते, तो हबच्या मागून बाहेर येऊन कशाला तरी घासू शकतो. म्हणून सगळे हातानं घट्ट करून चाक हातानंच पूर्ण फिरवलं, कान लावून ऐकलं. फेरे आले दहा. मागच्या चाकांना तशाच बसकीचे 28 चे.

बसवताना जास्त वेळ गेला तो गंज काढण्यात. हबचं तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत केलं, कारण गंजाचा एक खपला राहिला तरी चकती तिरकी बसते. आट्यांना तेल-ग्रीस काही नाही. चांदणीच्या क्रमानं आवळून शेवटी टॉर्क पान्यानं 120 न्यूटन मीटर. मग मागं तिघं जण, डिकीत पाण्याचे चार भरलेले जार आणि स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून कॉलनीतले सगळे गतिरोधक. कुठं घासलं नाही. 100 किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावला, दोन बोल्टांनी चिमूटभर जागा दिली.

समृद्धीवर 110 ला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलून बघितली. शांत.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांबद्दल कडक आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलांपासून हटणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. माझे टायर मडगार्डच्या आत आहेत, व्यास मूळचाच, पण वाद झाला तर माझी बाजू पक्की आहे असं मी म्हणणार नाही. विमा एजंटाला लेखी कळवलंय. त्याचं उत्तर अजून यायचंय.

मागच्या महिन्यात बीडला लग्नाला निघालो होतो. पाचोडच्या अलीकडं पुढचं डावं चाक बसलं. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्यानं चाक काढलं, टायरची कड चिरलेली, स्टेपनीशिवाय इलाज नाही. त्यानं स्टेपनी उचलली आणि तेच लांब बोल्ट हातात घेतले. "थांबा भाऊ," म्हणालो. स्टेपनी 15 इंची लोखंडी रिमची, तिला गोल बसकीचेच बोल्ट हवेत, आणि स्पेसरही काढायला हवा. स्पेसर हबला चिकटला होता, लाकडाच्या ठोकळ्यानं दोन बाजूंनी हलकं ठोकल्यावर सुटला. डिकीतून औषधाच्या कंपनीची झिपवाली पिशवी काढली, तिच्यात जुने 27 चे पाच बोल्ट.

पंक्चरवाला एकदा या पाचांकडं बघे, एकदा त्या पाचांकडं. "एका गाडीला दोन परकारचे बोल्ट?"

"तीन," मी म्हणालो. "मागं अजून वेगळे हायत."

त्यानं बोल्ट आवळले, पन्नास रुपये घेतले, आणि लांबवाले पाच स्वतःच मोजून माझ्या पिशवीत टाकले.