तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी सर कुठं जातात

"सर, तुम्ही दुर्खीम शिकवता आणि रविवारी चर्चला जाता, जमतं कसं?" हे स्टाफरूममध्ये; मी समाजशास्त्र शिकवतो, आणि दुर्खीम म्हणजे धर्म समाजातूनच घडतो म्हणणारा समाजशास्त्रज्ञ. चर्चच्या गेटवर उलटं, "तुमचं ते शास्त्र देव मानतं का हो?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकतो, जमत नाही.

म्हणजे वर्गात जमतं. तिथं मी समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गरच्या आडोशाला उभा राहतो, तो स्वतः ल्यूथरन आणि १९६७ च्या पुस्तकात त्याचं म्हणणं हेच की धर्माचा अभ्यास करताना देव आहे का नाही हे बाजूला ठेवायचं. पोरांना पटतं. मला घरी येईपर्यंतच.

एम.फिल. करत होतो तेव्हाची गोष्ट. आमचं मूळ जालन्याजवळच्या बेथेलचं, ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी वसवलेलं. आत्या ज्वारी निवडत बसलेली, मी सहज विचारलं आपण ख्रिस्ती कामून झालो, तर म्हणाली, "मह्या आज्यानं येशू नंतर पाह्यला रे, आधी हीर पाह्यली. तिथं कोणी हटकत नव्हतं." मी घरी जाऊन प्रबंधात लिहिलं: उत्तरदाता क्र. ७, स्त्री, वय ६८, धर्मांतरामागे भौतिक प्रलोभन. गाइड खूश. आत्याच्या नातवानं ते तिला वाचून दाखवलं.

"सात नंबर मीच का?"

मी म्हटलं, आत्या, नाव लपवायचं असतं, नियम आहे. ती ते ऐकतच नव्हती. "प्रलोभन म्हंजी लालूच ना? तहानल्याला पाणी पाजलं त ते लालूच व्हतं व्हय?" मग चहा ठेवला. तेवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता, मी सगळंच चूक केलं असंही नाही हं. त्याच प्रबंधात आमच्यात सोयरीक जुळवताना "मूळचे कोण?", म्हणजे जात, विचारतात हेही लिहिलंय, त्यावर वडीलधारे अजून धुसफुसतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींत काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू धरले, १९५६ ला सगळे शीख आले, १९९० ला बौद्ध, आपण ख्रिस्ती बाहेरच. म्हणून सरकारकडं निवेदन घेऊन जाताना आपण सांगतो आमच्यात जात आहे आणि वेदीवरून सांगतो ख्रिस्तात जात नाही. हे मी नाही लिहायचं तर कोणी लिहायचं? त्याची माफी मागणार नाही.

पण विहिरीचं वेगळं आहे. तेव्हाचा मी म्हणेल, पाणी भौतिकच की, दुसऱ्या कुठल्या रकान्यात टाकणार होतास? त्याला उत्तर नाही माझ्याकडं. पुढच्या रविवारी आत्यानं प्रार्थनेत माझं नाव घेतलं, मी डोळे मिटले, आणि खरं सांगतो, मिटायच्या आधी कोणतं घराणं कुठं बसलंय ते पाहून घेतलं होतं.

तो 'प्रलोभन' शब्द लायब्ररीतल्या प्रतीत तसाच आहे. बदलून काय लिहिलं असतं, कृपा? गाइडनं लाल पेनानं गोल केला असता.