चाप सुटला की नाही

रविवार, रात्री

दोन भोपळे. स्टँडर्ड पिस्तूलची स्पर्धा, दहा सेकंदांत पाच गोळ्या, अशी तिसरी सिरीज. तीन गोळ्या व्यवस्थित गेल्या. चौथ्या वेळी बोट दाबलं तर चाप नुसताच मागे आला, मेल्यासारखा. ना टिक, ना धक्का. मी नियमाप्रमाणे पिस्तूल लक्ष्याकडेच धरून ठेवलं आणि मोकळा हात वर केला. रेंज ऑफिसरनी येऊन पिस्तूल तसंच हातात घेतलं, लक्ष्याच्या दिशेला रोखून एकदाच चाप ओढला. फाट्! गोळी सुटली की!

"चाप पुरता सोडलाच नाहीत तुम्ही," ते म्हणाले. पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही. आधीच्या गोळीनंतर नेमबाजाने चाप पुरेसा पुढे जाऊ दिला नाही, तर तो पिस्तुलाचा बिघाड धरायचा नाही, असं नियमातच आहे. सिरीज पुन्हा मिळत नाही, उरलेल्या गोळ्या शून्य.

घरी येईपर्यंत मनातल्या मनात भांडत होतो. मी सोडला होता. शंभर टक्के सोडला होता. (म्हणजे बहुतेक.)

सोमवार

संध्याकाळी पिस्तूल टेबलावर घेतलं. मॅगझिन काढलं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघितलं, करंगळी घालूनही बघितलं. मग डमी, बिनदारूचं काडतूस घातलं. माझ्यासारख्या रिमफायर पिस्तुलात फायरिंग पिन (काडतूस पेटवणारी सुई) काडतुसाच्या काठावर आपटते. चेंबर रिकामं असेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर बसते आणि तिथे खाच पडते.

रिसेटची, म्हणजे गोळीनंतर चाप पुन्हा ओढण्याजोगा होतो का याची, चाचणी सोपी आहे. चाप ओढायचा आणि ओढलेलाच धरायचा. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) पूर्ण मागे खेचून सोडायचा. मग बोट हळूहळू ढिलं करायचं. कुठेतरी बारीक 'टिक' येतो, तो रिसेट. मी वीस वेळा केलं, वीसही वेळा टिक आला. पिस्तूल निर्दोष, मी गुन्हेगार.

तरी पटेना. ही चाचणी मी स्वच्छ पिस्तुलावर, शांतपणे, बोट पार पुढे नेऊन करत होतो. रविवारी साठाच्या आसपास गोळ्या झाडून झाल्या होत्या.

मंगळवार

आज न पुसलेल्या पिस्तुलावर चाचणी करायची ठरवलं. रेंजवर पन्नासचा डबा संपवला, वर दहा. मग रिकामं करून तीच चाचणी. वीसपैकी चार वेळा टिक आलाच नाही. चापाला नखाने पुढून किंचित ओढलं की मग यायचा.

मला उगाचच आनंद झाला.

आतली गोष्ट अशी. चाप एका पट्टीला ओढतो, पट्टीची आकडी सिअरला (हॅमर अडवणाऱ्या खटक्याला) ओढते, सिअर हॅमरला सोडतो आणि हॅमर फायरिंग पिनवर आपटतो. गोळी सुटली की बोल्ट मागे येताना डिसकनेक्टरला (चाप आणि सिअर यांची जोडणी तोडणाऱ्या तुकड्याला) खाली दाबतो, आकडी सिअरवरून सुटते आणि सिअर हॅमरला पुन्हा अडकवून ठेवतो. आता बोट ढिलं केलं की चापाची स्प्रिंग चापाला पुढे ढकलते आणि आकडी सिअरच्या पायरीमागे पुन्हा पडते. हे पडणं म्हणजेच रिसेट. पायरी केसाएवढी. आकडी तिच्या काठावरच राहिली तर चाप ओढला तरी काही होत नाही.

आणि माझ्या पिस्तुलातल्या .२२ काडतुसांची घाण साधी नसते. या काडतुसातल्या शिशाच्या गोळीला बाहेरूनच मेण किंवा ग्रीस लावलेलं असतं. ते, शिशाची भुकटी, न जळलेली दारू आणि मी हौसेने घातलेलं जास्तीचं तेल, यांचा चिकट काळा लगदा होतो. डिसकनेक्टरच्या खाचेतून तो मी दात कोरायच्या काडीने काढला. काडी मोडली, लगदा तिथेच!

बुधवार

सगळं उघडून धुतलं. चापाची स्प्रिंग ठीक आहे, पिन वाकलेली नाही. पण एवढ्या घाणीने अडावं इतकी आकडी काठावर का यावी? सिअरच्या धारेला मी हात लावत नाही. तिथे कानस फिरवणाऱ्या हौशी लोकांची मला भीती वाटते.

उरला पुढचा स्क्रू. चाप पुढे कुठवर जाईल ते हा ठरवतो. आत फिरवला की सुरुवातीची रिकामी चाल कमी होते आणि चाप फार गोड वाटतो. जास्त फिरवला की चाप रिसेटच्या अलीकडेच थांबतो. याहून आत गेला तर आकडी सिअरला सतत रेटूनच बसते आणि ते धोक्याचं. वाटलं, हादऱ्यांनी सरकला असेल. पण डोक्यावरची नेलपॉलिशची लाल रेघ अखंड होती. स्क्रू जागचा हललेला नाही.

मग ही वही मागे चाळली. तीन आठवड्यांपूर्वीचं पान, माझंच अक्षर: "पुढचा स्क्रू पाव फेरा आत. काय मस्त चाप झालाय! रेघ मारली."

गुरुवार

स्क्रू अर्धा फेरा बाहेर. पाव पुरला असता, पण रविवार आठवला. चापाचं वजनही, म्हणजे तो ओढायला लागणारा जोर, तपासलं. नळी उभी धरून १००० ग्रॅमचं वजन चापाला अडकवलं, टेबलावरून अलगद उचललं गेलं, हॅमर पडला नाही. पाच वेळा केलं. रिकामी चाल आता जाणवते. थोडी ढिसाळ वाटते, खरं सांगायचं तर आवडत नाही. नवी रेघ मारली, या वेळी निळी.

शनिवार

मुद्दाम न पुसता तीन डबे, १५० गोळ्या. प्रत्येक डब्यानंतर वीस वेळा चाचणी, साठपैकी साठ टिक. पिस्तूल आतून काळंकुट्ट, तरी रिसेट चोख.

शेवटच्या डब्यात दहा सेकंदांच्या सिरीज लावल्या. दुसरीत चौथ्या गोळीला चाप मेला. तसाच, मेल्यासारखा. मी तिथेच थांबलो, काहीही न हलवता बोट पूर्ण पुढे नेलं. टिक.

म्हणजे आज मीच होतो. आणि रविवारची चौथी गोळी? तेव्हा रेंज ऑफिसरनी पिस्तूल घेतलं तेव्हा बोट आधीच निघालेलं होतं. टिक कधी आला, ते कोणीच ऐकलं नाही.