क्रिबेन्सिसची तिसरी वीण: या वेळी हात मागे

दिवस १. क्रिबेन्सिस म्हणजे टाकीत पाळायचा, गुहेत अंडी घालणारा छोटा मासा. संध्याकाळी मादी खायला आलीच नाही. पोट चेरीसारखं लाल, गुहा म्हणून ठेवलेल्या करवंटीच्या तोंडाशी ठाण मांडून बसलेली, आणि नर लांबून फेऱ्या घालतोय. म्हणजे आत छताला अंडी लागली. टॉर्च मारायचा मोह आवरला. पहिल्या विणीत दिवसातून चार वेळा करवंटी उचलून बघितली होती, तिसऱ्या सकाळी अंडी फस्त. दुसऱ्या वेळी पिल्लं वेगळ्या टाकीत हलवली, तर तिथलं पाणी बिघडून निम्मी गेली. दोन्ही वेळा घोळ माझाच. या वेळी सगळं आईबापांवर सोडायचं.

टाकी ८० लिटर, स्पंज फिल्टर, तापमान २६ अंश, पीएच ६.८. पीएच मुद्दाम खाली नेला नाही. या जातीत पाणी आम्लधर्मी झालं की नर जास्त निघतात, आणि इतक्या नरांचं करायचं काय?

दिवस ४. मादी तोंड फुगवून बाहेर आली आणि मुळांखालच्या खड्ड्यात काहीतरी थुंकली. भिंगातून बघितलं तर शेपट्या वळवळणारे काचेसारखे ठिपके! अशा सतरा-अठरा खेपा झाल्या. पोटाला अजून बलक आहे, तेव्हा खायला काही द्यायचं नाही.

दिवस ८. पोहायला लागली. ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव, पिल्लांचं खाणं) यांची अंडी आदल्या दिवशीच उबवायला लावून ठेवली होती: लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम मीठ, खालून जोरात हवा, २४ तासांत तयार. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की टरफलं वर तरंगतात. तळाशी उजेड धरला की श्रिम्प तिथे गोळा होतात, ते नळीने ओढून गोड्या पाण्यात धुऊन घ्यायचे. पिल्लाचं पोट केशरी दिसलं की समजायचं, घास पोचला. शिवाय मादी स्वतःचा दाणा चावून पिल्लांच्या घोळक्यात फुंकते. हे ऐकून होतो, बघितलं आज.

दिवस ११. वाईट दिवस. काल रात्री टायमरने दिवा खटकन बंद केला तेव्हा पिल्लं टाकीभर पांगलेली होती. अंधारात मादीला ती गोळा करता आली नसणार. सकाळी घोळक्यातला तिसरा हिस्सा तरी कमी.

आता टाकीचा दिवा गेल्यावर खोलीतला दिवा अर्धा तास चालू ठेवतो. तेवढ्यात काय चालतं ते बघण्यासारखं आहे. मादी पोटाखालचे पर दोन-तीनदा झटकते, की अख्खा ढग दगड टाकल्यासारखा तळाला बसतो. मग मागे राहिलेल्यांना ती एकेक करून तोंडात उचलते आणि करवंटीत नेऊन सोडते. एक कार्टं दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा सापडलं.

दिवस १५. नराची शेपटी फाटली. मादीने त्याला हीटरमागे कोंडून ठेवलंय. पिल्लांच्या काळजीने मी टेट्रा (त्याच टाकीतले दुसऱ्या जातीचे छोटे मासे) आधीच काढून टाकले होते, आणि गोची तिथेच झाली असं आता वाटतं. राखण करायला शत्रूच उरला नाही, तेव्हा ती नवऱ्यावरच घसरली. सहा टेट्रा परत सोडले. तासाभरात नर कामावर रुजू, दोघं मिळून टेट्रांना वरच्या कोपऱ्यात दाबून धरतायत. टेट्रांनी दोन-चार पिल्लं टिपली असतील, पण जोडी मोडण्यापेक्षा ते परवडलं. ज्यांच्या टाकीत पळायला जागा कमी आहे, त्यांनी मात्र हे करू नये, टेट्रा मरतील.

दिवस २२. एक दिवसाआड वीस टक्के पाणी बदलतोय, हवेच्या बारीक नळीने, टोकाला जुन्या मोज्याचा तुकडा बांधून. तरी बादली ओतण्याआधी बघाच. आज बादलीत तीन निघाली, तिन्ही जिवंत. मोजणी तीनदा केली: ५४, ६१, ५८.

दिवस २९. अंगावर काळे डाग नीट उमटलेत. पिल्लं आता आईचं ऐकत नाहीत, पर झटकले तरी आपल्याच तंद्रीत. ती पुन्हा लाल होऊ लागलीय आणि करवंटीतून रेती उपसतेय. नव्या अंड्यांजवळ ही मोठी पोरं तिला खपणार नाहीत. पोरांसाठीच्या दुसऱ्या टाकीचा स्पंज दहा दिवसांपासून याच टाकीत मुरवत ठेवलाय, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यात बसतील, तो आज रात्री तिकडे लावतो.