पुढच्या थंडीचं माप

आमच्या नात्यात कुणाला दिवस गेल्याची बातमी आली की लोकांना पेढ्यांच्या आधी माझ्या सुया आठवतात. "मग काय, स्वेटर सुरू का?" असं विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक चित्र असतं. मी खिडकीशी बसलेय, मांडीवर लोकरीचा गुंडा आहे, बाजूला चहा वाफाळतोय. प्रत्यक्षात मी मार्चअखेर नावाचं प्रकरण असलेल्या नोकरीत आहे, आणि माझी खिडकी म्हणजे डोंबिवली फास्ट लोकलची. तीही मिळाली तर.

त्यात सासूबाईंचा दंडक. बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी नवीन काही करायचं नाही. "आधी सुखरूप सुटका होऊ दे, मग घे सुया हातात." ठीक आहे. पण बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे परंपरेने मला दिलेली मुदत बारा दिवसांची, आणि त्यातले निम्मे ऑफिसचे.

एकदा गाडी दिवा स्टेशनला अडकली होती, तेव्हा मी बसल्या बसल्या हिशोबच मांडला. सहा महिन्यांच्या बाळाचा साधा स्वेटर. घेर 50 सेंटिमीटर, मध्यम जाडीची लोकर, आठ नंबरच्या सुया. 10 सेंटिमीटरला साधारण 22 टाके आणि 30 ओळी बसतात. पाठ-पोट, दोन बाह्या, गळपट्टी धरून तेरा हजारांच्या आसपास टाके होतात. मिनिटाला पंचवीस टाके धरले तर जेमतेम नऊ तासांचं काम. नऊच! ऐकणाऱ्याला वाटेल, एका रविवारी उरकेल. पण सलग नऊ तास मोकळे मिळतील असा रविवार कुणाच्या घरी असतो? माझे नऊ तास कुकरच्या शिट्ट्यांमधून, डॉक्टरच्या वेटिंग रूममधून, मुलाच्या क्लासबाहेरच्या पायरीवरून गोळा होतात.

तुकड्यातुकड्यांनी मिळणाऱ्या वेळेत नक्षी चालत नाही, हे माझं ठाम मत आहे. जाळीची वीण सुरेख दिसते, कबूल. पण ती मध्येच खाली ठेवली की पुन्हा हातात घेताना कितवी ओळ, जोड टाका झाला की राहिला, हे शोधण्यातच दहा मिनिटं जातात, आणि मुळात हातात दहाच मिनिटं असतात. त्यामुळे हल्ली मी सगळ्या ओळी सुलट, साध्या टाक्याच्याच विणते. फोन आला, स्टेशन आलं, बॉस आला, तरी जिथे थांबलो तिथून पुढे. बघणाऱ्या म्हणतात, "काही डिझाइन नाही घातलंस?" त्यांनी घालावं.

लोकलमध्ये लांब सुया चालत नाहीत. चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकाच्या टोकाला बसून कोपर जरा हललं की सुई थेट शेजारणीच्या बरगडीत. म्हणून मी मधे वायर असलेली गोल सुई वापरते, सगळं कसं पोटाशी राहतं. लेडीज डब्यात विणकामाचं कुणालाच अप्रूप नाही. कुणी मटार सोलतंय, कुणी मेथी निवडतंय, त्यात मी. परवा मुंब्र्याजवळ गाडीने असा झटका दिला की एक टाका सुईवरून सुटला आणि बघता बघता चार ओळी खाली घसरला, मागे आडव्या धाग्यांची शिडी सोडून. मेथीवाल्या काकूंनी माझ्याआधी पाहिलं. हातातली जुडी मांडीवर ठेवून त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, त्या टाक्यात ओवली आणि लावून टाकली. "आता नाही पळायचा. घरी जाऊन क्रोशाच्या सुईने वर घ्या." रात्री तसंच केलं. आकडा टाक्यात घालायचा, वरचा धागा धरायचा आणि ओढायचा, एकेक पायरी. पिन माझ्याचकडे राहिली आहे आणि काकू नेमक्या पुन्हा भेटलेल्या नाहीत.

सगळ्यात त्रासदायक फर्माईश बोरन्हाणाची. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधे बाळाचं बोरन्हाण घालतात. अंगावर हलव्याचे दागिने, आणि कपडे अर्थातच काळे. काळ्या लोकरीचा स्वेटर मागणाऱ्यांना आधी एक रात्र ट्यूबलाइटखाली विणायला बसवावं. काळा टाका काळ्या टाक्यावर, काही म्हणजे काही दिसत नाही. ते काम दिवसाउजेडीच होतं, आणि दिवसा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी कामात असते.

दरम्यान बाळ काही आपल्यासाठी थांबत नाही. जन्मतः डोक्याचा घेर साधारण 35 सेंटिमीटर असतो, सहा महिन्यांत तो 43 च्या आसपास जातो. वजन पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट, वर्षात तिप्पट. बारशाच्या मापाचं टोपडं महिनाभर उशिरा पोचलं तर ते थेट भाचीच्या बाहुलीला.

त्यामुळे मी आता बारशाशी स्पर्धा करायचं सोडून दिलंय. बारशाला चांदीचे वाळे नाहीतर विकतची दुपटी. स्वेटर पुढच्या थंडीला, त्या थंडीतल्या मापाचा. मे महिन्यात डोंबिवलीत जन्मलेल्या जिवाला लोकरीचं काय काम? त्याला घामोळ्यांची पावडर द्या. यात सासूबाईंचा दंडक आपोआप पाळला जातो, हा वरचा फायदा.

आणखी एक गोष्ट मी पाळते. आपल्याला वेळ नाही हे आपण जगाला सांगत फिरतो, पण तान्हं घेऊन बसलेल्या बाईला तर बिलकूलच नसतो. अस्सल लोकर दिली तर ती गरम पाण्यात आटते, म्हणजे तिला हाताने, गार पाण्यात, जपून धुवायला बसायचं. अशाने स्वेटर "ठेवणीतला" होतो, म्हणजे कपाटात जातो आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर सापडतो. त्यापेक्षा मशीनला चालणारी ॲक्रिलिकची बेबी वुल. स्वेटर पुढून उघडा, कारण मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यावरून काही ओढून घालणं हा दोघांचाही छळ. बटणं मोजकी, पण अशी घट्ट शिवलेली की ओढून निघता कामा नयेत, कारण निघाली की तोंडातच जाणार. माझ्या थोरल्या भाच्याचा स्वेटर पुढे दोन भावंडांनी घातला, कोपरांवर दोनदा रफू झाला. मला त्याचाच जास्त अभिमान आहे.

सध्या नाशिकच्या भावाकडे ऑगस्टमध्ये पाळणा हललाय. नाशिकची थंडी डिसेंबरात खरी सुरू होते, म्हणजे माप सहा महिन्यांचं, जरा ऐसपैस. वहिनी म्हणाली, "वन्सं, पांढराशुभ्र करा हं, फोटोत छान दिसतो." सेंट्रल लाइनवर, मेथीच्या मातीशेजारी बसून पांढराशुभ्र! मी राखाडी लोकर आणली आहे. एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले गुंडे, एक जास्तीचा. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.