राहून गेलेलं उणे चिन्ह

"ताई, हे आमचं गाव नाहीये."

सहावीतली मुलगी. माउस हातात घेऊन तिला जेमतेम मिनिट झालं होतं. तिच्या मागे उभी असलेली, सगळी हयात त्याच गावात गेलेली मोठी माणसं अर्धा तास 'हुबेहूब, हुबेहूब' म्हणत होती. मी म्हणाले, "अगं, नीट बघ. तो पूल ओळखलास ना?"

"पूल आमचाच आहे. पण पूल उतरलं की शाळा डाव्या हाताला येते. इथे उजवीकडे आलीये."

विमानातून केलेल्या लेझर स्कॅनचे कोट्यवधी बिंदू घेऊन त्यांतून माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणक-खेळात खऱ्या गावाचं जग उभं करणं हे माझं काम. एक ब्लॉक, म्हणजे ठोकळा, एक मीटरचा. 2014 साली डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने अख्खा देश याच मापात खुला केला. तेव्हापासून लोकांना वाटतं की एक बटण दाबलं की गाव तयार. प्रत्यक्षात नदीच्या पाण्यावरून लेझर धड परतत नाही, तिथे नुसती भोकं असतात. मीटरपेक्षा बारीक असलेलं सगळं, म्हणजे कठडे, तारा, खांब, एकतर गायब होतं नाहीतर भिंतीएवढं जाड होतं. ते सगळं हाताने करावं लागतं.

या कामात खरा घोळ पुलाचा होता. नेहमी आम्ही बिंदूंवरून आधी उंचीचं रास्टर, म्हणजे चौकटींची जाळी, बनवतो आणि त्यावरून ब्लॉक रचतो. पण रास्टरमध्ये एका चौकटीला एकच उंची. पुलाची उंची धरली की त्याच्याखाली नदीच्या तळापर्यंत ब्लॉक भरले जातात आणि पुलाचं धरण होतं. म्हणून या वेळी मी रास्टर बाजूला ठेवून थेट बिंदूच वाचले. प्रत्येक बिंदू कशाचा आहे त्याचा वर्ग त्यात लिहिलेला असतो: जमीन वर्ग 2, इमारती वर्ग 6, पुलाचा पृष्ठभाग वर्ग 17. पूल अधांतरी उभा राहिला, खालून होडी जाऊ शकत होती. त्या पुलाचा मला अजूनही अभिमान आहे.

आणि त्याच पुलापायी गाव उलटं झालं. रास्टरची पहिली ओळ उत्तरेची असते, पुढच्या ओळी दक्षिणेकडे सरकत जातात. माइनक्राफ्टमध्येही झेड अक्ष दक्षिणेकडेच वाढतो. त्यामुळे इतके दिवस दिशा आपोआप जुळत होत्या, कुणाला त्याचा विचारच करावा लागला नव्हता. बिंदूंमधला उत्तर-दक्षिण जागेचा आकडा मात्र उत्तरेकडे वाढतो. तो झेडमध्ये टाकताना उणे चिन्ह लावायचं, ते माझ्याकडून राहिलं. गावाची उत्तर-दक्षिण आरशातल्यासारखी फिरली.

आमच्या तपासण्या सगळ्या पार पडल्या होत्या. उंची जुळली, इमारतींची संख्या जुळली, क्षेत्रफळ जुळलं. आरशातही हे तिन्ही जुळतंच. वरून बघायचा नकाशा त्याच चुकलेल्या आकड्यांवरून काढलेला, म्हणून तोही बरोबर दिसला. खेळातला सूर्य पूर्वेच्या टेकडीमागूनच उगवला, कारण पूर्व-पश्चिम शाबूत होती. होकायंत्र बघावं तर माइनक्राफ्टमधलं होकायंत्र उत्तर दाखवतच नाही, ते जगाच्या सुरुवातीच्या जागेकडे वळतं. आमच्या वरिष्ठांनी तर जग उघडून एकदा वरून चक्कर मारली आणि "मस्त, पाठवून द्या" म्हणून मोकळे झाले. त्यांच्या तपासणीत नेहमी तारीख आधी येते, काम नंतर. कीबोर्डवरची एफ-थ्री कळ दाबून पुलावर उभं राहिलं असतं, तर पडद्यावर दिशा स्वच्छ लिहिलेली होती. ते मीही केलं नाही.

गावकऱ्यांना कसं कळलं नाही, हे मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ते सगळे खेळात उडत होते. वरून गाव बघत होते, आपापलं छप्पर शोधत होते. चालली फक्त ती मुलगी.

दुरुस्ती म्हणजे नुसतं उणे चिन्ह टाकणं नव्हतं. हाताने रचलेलं सगळंही फिरवायचं होतं. उत्तरमुखी जिने दक्षिणमुखी, कोपऱ्यावरच्या पायऱ्यांचा डावा-उजवा आकार बदलायचा. पाट्यांचं वळण 0 ते 15 आकड्यांत असतं, ते प्रत्येक पाटीसाठी 8 मधून वजा करायचं, उत्तर उणे आलं तर 16 मिळवायचे. दारांच्या बिजागऱ्याही उलट्या बाजूला. दोन रात्री जागून मी त्याची स्क्रिप्ट लिहिली आणि या वेळी पुलापासून शाळेपर्यंत स्वतः चालून बघितलं.

मग पुन्हा तिला बोलावलं. पूल उतरली, डावीकडे वळली, काही न बोलता सरळ शाळेपर्यंत गेली. दाराशी थांबली. उघडलं, बंद केलं, परत उघडलं.

"ताई, दार दुसऱ्या बाजूने उघडतं. आधी बरोबर होतं."

खरंच होतं. दारं मी शाळेचे फोटो समोर ठेवून लावली होती. अख्ख्या उलट्या गावात तेवढी सुलट होती, आणि माझ्या स्क्रिप्टने तीही फिरवून टाकली होती.