आधी ग्लेनफिनन, मग कलॉडन: स्कॉटलंडचा रस्ता इतिहासाच्या क्रमाने

नकाशा टेबलावर पसरून आम्ही तिघं बसलो होतो. दादा गाडी चालवणार होता, वहिनींना डोंगर हवे होते आणि मला १७४५ साल हवं होतं.

त्या वर्षी चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट नावाचा चोविशीतला राजपुत्र मोजक्या माणसांनिशी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. त्याच्या आजोबांची गादी १६८८ साली गेली होती, ती परत मिळवायची होती. हायलंड्स या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली कुळं त्याच्यामागे उभी राहिली, फौज इंग्लंडमध्ये डर्बीपर्यंत पोचली, तिथून मागे फिरली आणि पुढच्या एप्रिलमध्ये कलॉडनच्या माळावर संपली. या लोकांना जॅकोबाइट म्हणतात. ही कथा मी अनेकदा वाचली होती, पण जमीन पाहिली नव्हती.

अडचण दिशेची होती. बहुतेक जण एडिनबराहून निघून ग्लेनको, फोर्ट विल्यम, स्काय बेट आणि मग इन्व्हरनेस असं वर्तुळ घेतात. रस्त्यासाठी ते सोयीचं आहे. पण कलॉडन इन्व्हरनेसजवळ, आणि पराभवानंतर राजपुत्र लपतछपत पोचला तो स्कायला. म्हणजे पलायन आधी बघायचं आणि पराभव नंतर. मला ते पटेना. शेवटी मी वर्तुळ मोडलं: फोर्ट विल्यमहून थेट इन्व्हरनेस, तिथून पश्चिमेला वळून स्काय, आणि स्कायच्या दक्षिण टोकावरून, आर्मडेलहून, फेरीने मॅलेगला. मॅलेग ते फोर्ट विल्यम रस्त्यावर लॉख नान ऊअव आहे. लॉख म्हणजे तळं किंवा समुद्राची खाडी. याच खाडीत राजपुत्र जुलै १७४५ मध्ये मुख्य भूमीवर उतरला आणि याच खाडीतून २० सप्टेंबर १७४६ ला फ्रान्सला निघून गेला. प्रवास तिथे संपवायचा.

"यात किती मैल जास्तीचे?" दादाने विचारलं.

"मैल विचारू नकोस, तास विचार," मी म्हटलं. आखणीचा सगळा सार तिथेच आहे. हायलंड्समध्ये अंतर मैलांत मोजलं की फसगत ठरलेली. एडिनबरा ते स्टर्लिंग तासाभराचं काम, पण उत्तरेला एका गाडीपुरत्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस मैलांच्या वर जाता येत नाही आणि जाऊही नये. फोनवरच्या नकाशाने दाखवलेल्या वेळेची मी दीडपट करत गेले आणि दिवसाला चार तासांहून जास्त गाडी चालवायची नाही असं ठरवलं. नऊ मुक्काम पक्के केले. परतीच्या विमानाआधीची दहावी रात्र कोरी सोडली. ती का, हे तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. पश्चिम किनाऱ्याच्या हवेबद्दल जे वाचलं होतं, त्यावरून तसं वाटलं एवढंच.

महिना मे निवडला. पश्चिमेला पाऊस कायमचाच, पण एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे. रात्री साडेनवापर्यंत उजेड असतो आणि मिज नावाचे बारीक चावरे किडे तोवर जोमात आलेले नसतात. भारतीय परवान्यावर तिथे बारा महिने गाडी चालवता येते आणि गाडी डाव्याच बाजूने चालते, त्यामुळे दादा निश्चिंत होता. मात्र तिथल्या भाड्याच्या गाड्या बऱ्याचदा गिअरवाल्या असतात. ऑटोमॅटिक हवी तर आधीच सांगून ठेवा, आणि क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं ठेवा. अपघात झाल्यास किती रकमेपर्यंतचा खर्च आपल्या खिशातून जाणार, हेही सही करण्याआधी विचारून घ्या.

एडिनबरात दोन दिवस गाडी घेतलीच नाही. जुन्या शहरात ती ओझंच होते, शिवाय मध्यभागात जुन्या, जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी आहे. किल्ला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर उभा आहे. त्याच्या दारापासून रस्ता उतरत उतरत होलीरूड राजवाड्यापर्यंत जातो. हा रॉयल माइल. दोन्ही बाजूंना क्लोज म्हणतात ते अंधारे, उभ्या उताराचे बोळ फुटतात. १७४५ च्या सप्टेंबरमध्ये राजपुत्राने शहर घेतलं आणि होलीरूडमध्ये दरबार भरवला. पण किल्ला सरकारी फौजेच्याच ताब्यात राहिला. रस्त्याच्या एका टोकाला राजपुत्र आणि दुसऱ्या टोकाला त्याच्यावर रोखलेल्या तोफा. हे वाचून कळत नाही. तो उतार पायांनी चालल्यावर कळतं की एवढ्याशा अंतरात त्याचं सगळं यश मावलेलं होतं. दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ सुटली आणि वहिनी दचकल्या. १८६१ पासून ती रविवार सोडून बहुतेक रोज उडते, बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून सुरू झालेली.

स्टर्लिंग मला एडिनबराहून जास्त आवडलं. किल्ल्यावरून खाली पाहिलं की फोर्थ नदीची वळणं दिसतात आणि हा किल्ला ज्याच्या हाती त्याच्या हाती स्कॉटलंड असं का म्हणत ते समजतं. उत्तरेकडे जायची वाट इथूनच होती. १२९७ साली विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांनी इंग्रजांची फौज पुलावर अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे असताना गाठली. १३१४ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने जवळच बॅनकबर्नला लढाई जिंकली. आणि १७४६ च्या जानेवारीत राजपुत्राने हाच किल्ला घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला. एडिनबराचा किल्ला नाही, स्टर्लिंगचाही नाही. माझ्या वहीत या दोन ओळी एकाखाली एक आहेत.

एक व्यवहाराची गोष्ट. एडिनबरा आणि स्टर्लिंगचे किल्ले एका संस्थेकडे आहेत. ग्लेनको, ग्लेनफिनन आणि कलॉडन दुसऱ्या, नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे. एकाचा पास दुसरीकडे चालत नाही, तेव्हा पास घेताना आपला मार्ग डोळ्यासमोर ठेवा.

स्टर्लिंग सोडून कॅलँडर, टिंड्रम असं करत आम्ही रॅनॉखच्या पाणथळ पठारावर आलो आणि गाडीतलं बोलणं थांबलं. झाड नाही, घर नाही. काळी दलदल, त्यात आकाश दाखवणारी डबकी, आणि समोर ब्वाखल एटिव्ह मोर हा त्रिकोणी डोंगर एकदम जमिनीतून उठलेला. त्याच्या कडेने रस्ता ग्लेनकोत उतरतो. वहिनी म्हणाल्या, "थांबवा गाडी." गाडी थांबवायला जागा मिळेपर्यंत त्या मागे वळून बघत होत्या.

ग्लेनको सुंदर आहे, आणि तिथे जे घडलं ते विसरून ते सौंदर्य बघता येत नाही. १६८८ नंतर गादीवर आलेल्या नव्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यायला १ जानेवारी १६९२ ही मुदत होती. इथल्या मॅकडॉनल्डांचा प्रमुख आधी फोर्ट विल्यमला गेला, तिथून त्याला इन्व्हरेरीला पाठवलं आणि बर्फात वेळ गेला. मग सरकारी सैनिक पाहुणे म्हणून खोऱ्यात आले, जवळजवळ पंधरवडा या घरांतून जेवले, झोपले, आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे त्यांनी यजमानांना मारलं. सुमारे अडतीस जण. जे पळाले त्यांतले कित्येक थंडीने गेले. खाल्ल्या घराशी केलेली ती बेइमानी तिथली माणसं आजही विसरलेली नाहीत. ५३ वर्षांनी चार्ल्सच्या झेंड्याखाली हेच मॅकडॉनल्ड येऊन उभे राहिले, यात मला नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोर्ट विल्यमहून ग्लेनफिननला जाऊन आलो. गर्दी सगळी २१ कमानींच्या रेल्वेपुलासाठी, १९०१ मध्ये सुरू झालेल्या. पूल देखणा आहे. पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, लॉख शीलच्या काठावर एक उंच स्तंभ आहे, तिथे जा. १९ ऑगस्ट १७४५ ला इथे झेंडा उभारला गेला. राजपुत्र येऊन तासन्तास वाट बघत राहिला, कुळं येतील की नाही याचा भरवसा नव्हता, आणि मग डोंगरावरून बॅगपाइपचे सूर ऐकू आले. स्तंभावर पुतळा आहे तो राजपुत्राचा नाही, एका अनाम हायलंडरचा आहे. हे फार योग्य केलंय.

फोर्ट विल्यम ते इन्व्हरनेस या वाटेबद्दल थोडक्यात: लॉख नेसच्या उत्तर काठचा मोठा रस्ता सोडा आणि फोर्ट ऑगस्टसहून दक्षिणेचा बी ८६२ घ्या. जवळजवळ रिकामा आहे. हा मार्ग जनरल वेडने १७२५ नंतर बांधलेल्या लष्करी रस्त्यांपैकी. हायलंड्सला धाकात ठेवण्यासाठी वेडने अडीचशे मैलांचे रस्ते केले, आणि १७४५ मध्ये त्याच्याच कोरियॅरिक खिंडीतल्या रस्त्याने बंडखोर दक्षिणेला उतरले.

कलॉडनला सकाळी पोचलो. वारा होता. हीदर नावाचं रानझुडूप अजून फुललेलं नव्हतं, माळ तपकिरी. निळे झेंडे जॅकोबाइटांच्या रांगेवर, लाल सरकारी रांगेवर. मधलं अंतर चालून बघायचं मी आधीपासून ठरवलं होतं. जमीन पायाखाली दबते, बूट ओले होतात. रात्रभर फसलेल्या चालीने थकलेली, उपाशी माणसं १६ एप्रिल १७४६ ला या चिखलातून तोफांवर धावत गेली. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. सुमारे दीड हजार जॅकोबाइट पडले. कुळांच्या नावांचे साधे दगड ठिकठिकाणी रोवले आहेत आणि काहींवर ताजी फुलं होती. दादाला या इतिहासात कधीच रस नव्हता. तो एका दगडापाशी बराच वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "तू ग्लेनफिनन आधी दाखवलंस ते बरं केलंस."

त्यानंतरच्या दिवशीचा रस्ता वहिनींचा. ब्यालाख ना बा, म्हणजे गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत गुरांची खिंड. समुद्रसपाटीच्या जवळून थेट ६२६ मीटरपर्यंत चढतो, वर अगदी उलट्या फिरणाऱ्या वळणांचा घाट, आणि सगळा एका गाडीपुरता. पायथ्याशी पाटीच आहे की शिकाऊ चालकांनी आणि मोठ्या गाड्यांनी जाऊ नये. ती पाळा. अशा रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर पासिंग प्लेस म्हणजे रुंदावलेली जागा असते. ती आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजवीकडे असेल तर तिच्या समोर रस्त्यावरच थांबायचं आणि समोरच्याला जाऊ द्यायचं. मागे घाईतला माणूस असेल तर त्यालाही. तिथे गाडी उभी करून फोटो काढू नका, त्याच रस्त्याने रुग्णवाहिका जाते. समोरचा हात वर करतो, आपणही करायचा. दोन तासांत दादाचा हात आपोआप उठायला लागला होता.

स्कायला दोन रात्री. क्विरांगचे कोसळलेले कडे बघितले, पण मला जायचं होतं ते किल्म्यूरच्या कब्रस्तानात, फ्लोरा मॅकडॉनल्डच्या थडग्यापाशी. जून १७४६ मध्ये तिने राजपुत्राला दासीच्या वेषात होडीतून इथे आणलं. त्याच्या डोक्यावर ३०,००० पौंडांचं इनाम होतं. ज्या डोंगरांत माणसं उपाशी होती, तिथे एकानेही ते घेतलं नाही.

परतीच्या सकाळी आर्मडेलची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली. माझा चेहरा पडला. दादाने काही न बोलता गाडी वळवली आणि स्कायच्या पुलावरून आम्ही मुख्य भूमीवर आलो. नियोजनात नसलेल्या या रस्त्यावर एलन डोनन किल्ला लागला आणि त्यापुढे ग्लेन शील. १७१९ मध्येही एक उठाव झाला होता, स्पॅनिश सैनिकांच्या मदतीने. तेव्हा आरमाराने हा किल्ला उडवला आणि १० जूनला या खोऱ्यात उठाव मोडला. वरच्या एका शिखराचं नाव अजूनही स्पॅनिश लोकांवरून आहे. माझ्या क्रमात १७१९ नव्हतंच, ते वाऱ्याने घातलं.

कोरी ठेवलेली रात्र फोर्ट विल्यमला काढली. सकाळी पुन्हा ग्लेनफिननवरून पुढे गेलो. लॉख नान ऊअवला रस्त्यालगत गाडी थांबवायला जागा आहे आणि तिथून थोडं उतरलं की पाण्याच्या कडेला दगडांची रास. वारा पडला होता. ओहोटी होती, शेवाळाचा वास येत होता. वहिनी एका खडकावर बसल्या. मी वही उघडली, तारीख घातली, आणि खाडीच्या तोंडाकडे, जिकडे ते फ्रेंच जहाज गेलं असेल तिकडे, बघत राहिले.