मूर म्हणजे सडा

अकरावीत आमच्या सरांनी इंग्रजी सुधारायचा एक उपाय सांगितला. कादंबरी वाचा, अडलेला शब्द वहीत उतरवा, पुढे अर्थ लिहा. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा तिघा-चौघांना वाटलं, एवढंच ना? वाचनालयाच्या इंग्रजी कपाटातलं त्यातल्या त्यात पातळ पुस्तक मी उचललं. आर्थर कॉनन डॉयलचं, १९०२ सालचं 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स', गुप्तहेर शेरलॉक होम्स आणि त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन यांचं. कुत्र्याची गोष्ट, म्हणजे सोपीच असणार!

पहिल्याच परिच्छेदात वकील आडवा आला. 'पेनांग लॉयर'. लॉयर म्हणजे वकील हे पाठ होतं, पण हा वकील जाडजूड, लाकडी आणि डोक्याला गाठ असलेला होता, आणि वॉटसनने त्याला सरळ हातात धरलं होतं. ते सोट्यासारख्या काठीचं नाव आहे हे फार उशिरा कळलं. पुढे 'सिंग्युलर'. शाळेपासून त्याचा अर्थ एकवचन, इथे मात्र तो 'विलक्षण' अशा अर्थाने, त्यामुळे होम्सला तर जिथे तिथे एकवचनच दिसत होतं. 'हॅन्सम कॅब'चं स्पेलिंग मला चुकीचं वाटलं, म्हणून वाचनालयाच्या प्रतीत मी ते पेन्सिलीने दुरुस्त करून 'हॅन्डसम', म्हणजे देखणं केलं. जोसेफ हॅन्सम नावाच्या माणसाने १८३४मध्ये त्या दोनचाकी घोडागाडीचं पेटंट घेतलं होतं, हे तेव्हा कोण सांगणार?

सगळ्यात छळलं ते 'मूर'ने. डिक्शनरी म्हणाली, पडीक माळरान. वहीत लिहिलं. दोन पानांनी परत आला, परत बघितलं. तेवढ्यात ते निनावी पत्राचं प्रकरण आलं. 'टाइम्स'मधले छापील शब्द कात्रीने कापून कागदावर चिकटवलेले, त्यात फक्त 'मूर' शाईने लिहिलेला. होम्स म्हणतो, बाकीचे शब्द कुठल्याही अंकात मिळतील, हा तितका सहज मिळत नाही. मला केवढं हायसं वाटलं! खुद्द लंडनात, 'टाइम्स' समोर ठेवूनसुद्धा जो शब्द मिळाला नाही, तो रत्नागिरीतल्या मुलाला अडला तर काय बिघडलं?

मग वॉटसन इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये, डार्टमूर नावाच्या त्या मूरवर पोचला. झाड म्हणून नाही, वारा, धुकं, मधेच उभे दगड आणि अंधार पडल्यावर तिकडे न फिरकणारी माणसं. मी पुस्तक मिटलं. अरे, हा तर आमचा सडा! गावाच्या डोक्यावरचा जांभ्याचा काळा कातळ, पावसात ढग खाली उतरला की दहा हातांवरची म्हैस दिसत नाही, आणि रात्री चकवा लागतो म्हणून एकटं कोणी जात नाही. डार्टमूरचा दगड ग्रॅनाइटचा, तिथे पाणी साचून दलदल होते. आमच्या कातळावरून ते वाहून जातं, एवढाच काय तो फरक. रुतायची सोय आमच्याकडे खाली, खाडीकाठच्या खाजणात. पुस्तकात 'ग्रिम्पेन मायर' नावाच्या दलदलीत एक तट्टू मान वर ताणत ताणत गडप होतं. ते वाचताना मला शेजाऱ्यांचं रेडकू दिसत होतं, पोटापर्यंत चिखलात, डोळे पांढरे केलेलं. चार माणसांनी काथ्याचा दोर बांधून त्याला ओढलं होतं. 'मायर'चा अर्थ मी बघितलाच नाही.

वहीत दीडशेवर शब्द झाले. कुठले, ते विचारू नका.

संध्याकाळी पडवीत आजी कुळीथ निवडत होती. "काय एवढं वाचतोस रे?" म्हणाली. मी सगळं सांगितलं. शाप, मूर, धुकं, जीव घेऊन पळताना मेलेला म्हातारा, आणि त्याच मूरवर हिंडणारा वॉटसन डॉक्टर. सुपातला खडा काढून तिने अंगणात भिरकावला.

"सडाच की. पण रात्रीचा गेलाच कशाला मेला? आणि वाट चुकली तर सदरा काढून उलटा घालावा. एवढा डॉक्टर ना तो?"

कितीतरी वर्षांनी कुठेसं वाचलं, की मूरवर माणसांना वाट चुकवणाऱ्या पिक्सी असतात अशी डेव्हनमधल्या लोकांची समजूत, आणि त्यावरचा उतारा म्हणजे अंगातला कोट उलटा करून घालणे. 'पिक्सी' शब्द नवा होता, डिक्शनरीही हाताशी होती. चकवा, म्हटलं, आणि पुढचं पान उलटलं.